शेवंतीने दूध चोरलं

सायखेड्यात आमच्या घराला लागूनच खंडेराव नानांचा गोठा. मधे फक्त काटेरी कुंपण. त्यामुळे त्यांच्या घरातल्या निम्म्या गोष्टी आम्हाला न विचारता कळायच्या. नाना गायवाले. दोन संकरित गायी आणल्यापासून त्यांनी गावाला गायीवर इतकी व्याख्यानं दिली की लोक त्यांना पारावर बघून वाट बदलायचे. गाय कोणाच्याही हाताला दूध देते, हाकेला येते, चरवी भरते. शेळीला तर काही बघावंच लागत नाही. आणि म्हैस? नदीच्या डोहात बसली की दोन तास उठत नाही, ऊन सोसत नाही, माजावर आली तरी ओरडून सांगत नाही आणि रुसून तिने दूध चोरलं, कासेतच अडवून धरलं, तर सगळ्या घराला कोरा चहा. हे सगळं ते बायकोला, गोजराकाकूंना, ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे, कारण म्हैस काकूंची होती. काकू उत्तर देत नसत. डेअरीत दोघांच्या दुधाची फॅट लागली की नानांना उत्तर मिळायचं, आणि मग त्या दिवशी गायींना विनाकारण शिव्या बसायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात काकूंची म्हैस, शेवंती, व्याली आणि नवव्या दिवशी तिचं रेडकू गेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. गाय चार दिवस हंबरते आणि विसरते, म्हैस मनात धरून बसते. काकूंनी आठ दिवस तिच्यापाशी बसून, अंगावरून हात फिरवून तिला आपल्या हाताची सवय लावली. शेवंती दूध देऊ लागली, पण फक्त काकूंना. नेमकं त्याच वेळी काकूंच्या पोटाचं दुखणं वाढलं. गर्भाशय काढावं लागेल, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनला नाशिकला जाताना काकूंनी नानांकडून एकच शब्द घेतला. शेवंतीला पान्ह्याची सुई लावायची नाही. तेव्हा ही सुई सर्रास लावत. जनावराला एकदा तिची सवय लागली की पुढे सुईशिवाय ते थेंब सोडत नाही. नाना बरं म्हणाले. त्यांना वाटलं, एक म्हैस, ती काय करणार.

पहिल्या सकाळी शेवंतीने नानांना लाथ घातली. संध्याकाळी माझी बायको मैना पेंडीचं घमेलं घेऊन बसली, तिला जेमतेम कपभर मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कास ताणून दगडासारखी झाली आणि हात लावला की चटका बसू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी कास दाबून पाहिली. उद्या संध्याकाळपर्यंत ती मोकळी झाली नाही तर सड जातील आणि म्हैस जन्मभरासाठी दुधाला संपेल, असं ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून पान्ह्याची सुई काढली. नाना मधे उभे राहिले. शब्द दिलाय, म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. नानांच्या हट्टापुढे मी कधी टिकलेलो नाही. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर राग आला.

इकडे ही गत, तिकडे काकूंचं ऑपरेशन रक्तदाबामुळे एक दिवस पुढे गेलेलं. सोबत असलेल्या लेकीने, शुभांगीने, गावातल्या स्टँडवरच्या बूथवर फोन करून बजावलं होतं की आईला काळजीचं काही सांगू नका. म्हणजे जिला विचारायचं तिलाच विचारायची सोय नव्हती.

शेवटी मैनाने लुगड्याचं काढलं. धार काढणारी बाई गावाला गेली तर दुसऱ्याने तिचं लुगडं अंगावर घेऊन बसायचं, म्हैस वासाने फसते. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुरुषांवर वेळ आली की सगळे विसरतात. नानांच्या मिशा गावात नावाजलेल्या. ते दोनदा घरात गेले, दोनदा तसेच परत आले. तिसऱ्यांदा डोक्यावरून लुगडं घेऊनच आले. मी शेवंतीचं दावं धरलं होतं. हसलो नाही, हसण्यासारखी वेळ नव्हती. शेवंतीने हुंगलं, जोरात फुरफुरली आणि चरवी लाथेने कोपऱ्यात उडवली.

मैना पुढे झाली, पदर नाकाशी नेला आणि म्हणाली की याला डांबरगोळ्यांचा वास येतोय, काकूंचा नाही. नानांनी पेटीतलं लुगडं काढलं होतं. मग रोजचं आणा. रोजचं नव्हतंच. काकू घरी येतील तेव्हा सगळं लख्ख दिसावं म्हणून नानांनी, आयुष्यात पहिल्यांदा, बायकोची एकूण एक लुगडी घाटावर नेऊन साबणाने धुतली होती. बायकोसाठी माणूस एकदाच काही करायला गेला, तेही असं अंगाशी आलं. न धुतलेलं लुगडं एकच उरलं होतं, काकू नेसून गेल्या होत्या ते.

तिसऱ्या सकाळी नाना आणि मी पहिल्या एसटीने नाशिकला गेलो. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात शिरताना नाना मला पढवत होते, की शेवंती बरी आहे असंच म्हणायचं. ऑपरेशन दुपारी चारला होतं. नानांनी शुभांगीला बाजूला घेऊन लुगडं मागितलं. काकूंची नजर होतीच.

"लुगडं कशाला पायजे?" काकूंनी विचारलं.

नानांना खोटं जमत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, धुण्यासकट. मला वाटलं, आता रक्तदाब यंत्र फोडून वर जाणार. पण काकू शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की नुसत्या लुगड्याने होणार नाही, तिच्याशी बोलावं लागतं.

"काय बोलतेस तू तिच्याशी?"

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. "जे तुमाला सांगता येत नाय, ते."

तीस वर्षांचा संसार, आणि रोज दोन वेळा गोठ्यात काय चाललंय हे नानांनी कधी विचारलं नव्हतं. नर्स रक्तदाब मोजायला आली, तो उतरला होता. घरी काय घडतंय ते कळत नव्हतं, म्हणूनच तो चढला असावा.

नाना म्हणाले, मी चारपर्यंत थांबतो. काकू नको म्हणाल्या. "माझ्यापाशी शुभांगी हाय. तिच्यापाशी कोन हाय?"

परतीची बस मिळायला तीन वाजले. नाना लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले. पंचवटी मागे पडल्यावर त्यांनी मला वेळ विचारली, आणि मग दर पाच मिनिटांनी विचारू लागले.

साडेचारला आम्ही गोठ्यात होतो. तिकडे काकूंना आत नेलं असणार, आणि फोन येईपर्यंत काही कळणार नव्हतं. नाना लुगडं घेऊन खाली बसले. शेवंतीने पदर हुंगला, पुन्हा हुंगला आणि पाय हलवायची थांबली. पण पान्हा नाही. नाना सड चोळत राहिले. मी म्हणालो, नाना, बोला काहीतरी. त्यांनी दोनदा घसा खाकरला. गायीवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना.

"शेवंते," ते एकदाचे म्हणाले, "आत्ता तिला कापत असतील. मी तिथं थांबाया पायजे होतो." त्यांनी पदर पुढे ओढून घेतला. "मला लय भ्या वाटतंय. ती नसली तर मी कोनाशी भांडू? मला तिच्याबिगर काय येत नाय."

मी दावं सोडलं आणि तोंड फिरवलं. असलं ऐकायला शेजाऱ्याने उभं राहू नये. नाना बोलत राहिले, हळू, अडखळत, आणि मधेच चरवीच्या बुडाशी धार वाजली. कास मोकळी व्हायला तासभर लागला. एक सड वाचला नाही, तीन वाचले. नाना हात धूत असताना बूथवाला भिका सायकलवर आला आणि काकू शुद्धीवर आल्याचं सांगून गेला.

काकू दहा दिवसांनी घरी आल्या. दोन महिने वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा धार नानांनीच काढायची. तोवर त्यांना सरावही झाला होता. पहिल्या संध्याकाळी काकू बघायला ओट्यावर येऊन बसल्या. नाना लुगडं घेऊन खाली बसले, सड चोळले, शेवंतीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि गप्प झाले. शेवंतीने दूध चोरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कास पुन्हा ताणू लागली.

काकूंच्या लक्षात आलं. त्या पोटाला हात लावून सावकाश उठल्या, आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. मग नाना बोलू लागले. कुंपणाजवळून मला काकूंच्या मागच्या खिडकीतलं दिसत होतं. त्या खाटेवर पडल्या नव्हत्या. दाराला कान लावून उभ्या होत्या, धार थांबेपर्यंत.