एका अनुदानासाठी आलेले दोन अर्ज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. ही एक घटना मात्र अजून तपशिलासकट लक्षात आहे. तिच्यात खून नव्हता, पाठलाग नव्हता, वर्तमानपत्रातही चार ओळींपलीकडे काही आलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि काशीमीऱ्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून मी काम पाहत होतो.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवलं. ते एका मोठ्या कंपनीतून आले होते. कंपनी दरवर्षी आपल्या भागातल्या सामाजिक संस्थांना अनुदान द्यायची आणि आलेले अर्ज तपासणं हे या गृहस्थांचं काम होतं. त्यांनी दोन फायली माझ्यापुढे ठेवल्या.

"साहेब, संस्था दोन आहेत. दोन्ही म्हणतात, आम्ही दिव्यांग मुलांसाठी व्यायाम केंद्र चालवतो. आता फोटो बघा."

मी पाहिले. दोन्हीकडे तीच मुलं, तीच हिरवी भिंत, तोच लोखंडी स्टँड. पहिली फाईल सिल्व्हर पार्कमध्ये ऑफिस असलेल्या एका ट्रस्टची होती. स्पायरल बाइंडिंग, रंगीत छपाई, इंग्रजीत लिहिलेला अहवाल. दुसरा अर्ज पेणकरपाड्यातल्या एका महिला मंडळाचा. रेघांच्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेला, फोटो डिंकाने चिकटवलेले, त्यातला एक तिरका.

"कोणी कोणाचे उचललेत ते दिसतंच आहे," ते म्हणाले. मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी महिला मंडळाविरुद्ध लेखी तक्रार दिली. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि दोन्हीकडच्यांना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बोलावलं.

ट्रस्टचे सचिव इस्त्रीच्या कुर्त्यात आले, हात मिळवला, खुर्चीवर बसले. त्यांच्यासाठी चहा आला. मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या बाईही वेळेवर आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं गेलं आणि माझ्यासमोर यायला त्यांना एक वाजून गेला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पोलीस ठाण्यात कोणाला खुर्ची आणि कोणाला बाक, हे बऱ्याचदा कपडे ठरवतात.

त्या मूळच्या परभणीकडच्या. नवरा प्लंबिंगची कामं करतो. स्वतः त्या एका हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात आया म्हणून बारा वर्षं होत्या. पेणकरपाड्यातून बायका मुलाला कडेवर घेऊन तिथे यायच्या, दोन रिक्षा बदलून. महिनाभर यायच्या, मग बंद. रोज कामाचा खाडा कोणाला परवडणार? म्हणून या बाईंनी डॉक्टरांकडून व्यायाम नीट शिकून घेतले, नोकरी सोडली आणि वस्तीतच एक खोली भाड्याने घेऊन मुलांना व्यायाम द्यायला लागल्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. मीही पुढे तेच म्हणायला लागलो.

"हे फोटो तुमचेच कशावरून?" मी विचारलं.

"फोटोंचं राहू द्या साहेब. मुलं आमची आहेत."

त्यांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हा आला तेव्हा मान धरत नव्हता. आता भिंतीला टेकून बसतो. ही हसतेय ना, हिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. पायात जोर कमी आहे, पण बोट धरलं की चालते. आई चिपळूणकडची, चार घरची धुणीभांडी करते. आणि मुलांना उभं करायचा हा स्टँड काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्याने करून दिलाय."

"मग हे फोटो ट्रस्टकडे गेले कसे?"

"एक जण आला होता. म्हणाला, तुम्हाला अनुदान मिळवून देतो. फोटो काढले, कागदांच्या झेरॉक्स नेल्या. नंतर म्हणतो, अर्ज आमच्या ट्रस्टच्या नावाने करू, तुम्ही फक्त मुलं सांभाळा. मी नाही म्हटलं."

"का? काम तर झालं असतं."

"उद्या तो म्हणाला असता, मुलंही ट्रस्टचीच. पोरांच्या आया माझ्या भरवशावर त्यांना ठेवून कामाला जातात, साहेब. त्यांना मी काय सांगायचं?"

"तो माणूस पुन्हा दिसला तर ओळखाल?"

"मघाशी इथेच चहा पिऊन गेला की."

मी पेन खाली ठेवलं. "मग बाहेर दोन तास गप्प का बसलात?"

"कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती.

पण कोणाच्या शब्दावर तपास चालत नाही. दुपारी जेवण उरकून मी स्वतः निघालो. आधी ते गॅरेज गाठलं. मिस्त्रीला नुसता फोटो दाखवला, दुसरं काही सांगितलं नाही.

"ये तो मेरा वेल्डिंग है साब. पाइप तिरछा कट गया था, तो इधर पट्टी मारी. ताई के लिए बनाया."

पट्टी फोटोत स्पष्ट दिसत होती. तिथून पेणकरपाड्यात गेलो. खोली दहा बाय बाराची असेल. हिरवी भिंत, सतरंजी आणि कोपऱ्यात तो स्टँड, पट्टीसकट. तीन बायका मुलांचे पाय हळूहळू दुमडत होत्या. फोटोतली ती मुलगी पुढे आली, माझं बोट धरलं आणि खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला घेऊन चालत गेली. गणवेशाची भीती तिला नव्हती. मोठ्यांच्या चेहऱ्यावर मात्र होती.

"ताईंना आत टाकणार का, साहेब?" एका आईने विचारलं. "मालकाने खोली सोडायला सांगितलीय. अनुदान आलं तर दुसरी बघणार होतो. आता पोलीस आले म्हटल्यावर आम्हाला कोण जागा देतोय?"

मी फक्त म्हटलं, "केंद्र बंद करू नका."

दोन दिवसांनी सचिवांना पुन्हा बोलावलं. आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस दरडावल्यावर सावध होतो आणि आपण मन लावून ऐकायला लागलो की सैल सुटतो. मी म्हटलं, "अहवाल चांगला आहे. मुलांबद्दल जरा सांगा."

ते भरभरून बोलले. मी त्या मुलीचा फोटो पुढे सरकवला. "हिच्याबद्दल?"

"ही फार गुणी आहे हो. आमच्याकडे रोजची प्रार्थना हीच म्हणते. आवाज इतका गोड, पाहुणे थांबून ऐकतात."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला शब्दन् शब्द उतरवायला सांगितलं. जबाब वाचून दाखवला, सचिवांनी सही केली. मग मी म्हणालो, "या मुलीला जन्मापासून बोलता येत नाही. परवा मी तिला भेटून आलोय."

त्यांनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा झाल्यावर एकेक गोष्ट सांगायला लागले.

पंचांसमक्ष ट्रस्टच्या ऑफिसची झडती घेतली. कपाटात फायलींचा गठ्ठा सापडला. व्हीलचेअर देतो, पेन्शन सुरू करून देतो असं सांगून गरीब पालकांकडून घेतलेले मुलांचे फोटो आणि अपंगत्वाचे दाखले त्यात होते. त्यांच्या जोरावर आणखी दोन ठिकाणी अर्ज केले होते. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि प्रकरण रीतीप्रमाणे कोर्टात गेलं.

कंपनीचे गृहस्थ स्वतः ठाण्यात आले. त्यांनी ताईंची माफी मागितली आणि अनुदान मंजूर झाल्याचं पत्र हातात दिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. "बरं झालं," म्हणाल्या. मला वाटलं आता निघतील. त्या निघाल्या नाहीत.

"साहेब, त्या कपाटात किती मुलांचे कागद होते?"

"तीस-पस्तीस असतील."

"त्यांचे पत्ते मिळतील का?"

"तो मुद्देमाल आहे, ताई. मला देता येत नाही."

"कागद नकोत मला. पण ज्या आईने अनोळखी माणसाला पोराचा दाखला दिला, तिला पोराला उभं करायचंय म्हणून दिला ना? ती अजून व्हीलचेअरची वाट बघत असेल."

त्या फायली मी दोन दिवस हाताळल्या होत्या. नंबर टाकले, सील केलं, यादी केली. त्यांतल्या एकाही घरी कोणी वाट बघत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

पालकांचे जबाब घ्यायचेच होते. जबाब झाला की पेणकरपाड्यातल्या केंद्राची माहिती द्यायची, असं मी महिला शिपायाला सांगून ठेवलं. जे तयार झाले त्यांच्या घरी ताई स्वतः गेल्या. सगळे आले नाहीत. काही घर बदलून गेले होते, काहींचा आता कोणावरच विश्वास राहिला नव्हता. एका बाईचं मूल मधल्या काळात गेलं होतं. ती तरीही केंद्र बघायला आली, दारात बराच वेळ उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मदतीला यायला लागली. केंद्र पुढे शेजारच्या गल्लीतल्या मोठ्या जागेत गेलं.

या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. संस्थेविरुद्ध अर्ज आला की आधी तिची जागा पाहायची आणि माणसाला त्यानंतरच ठाण्यात बोलावायचं. हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही तेच सांगत राहिलो. खरं काम करणाऱ्यांकडे कागद रंगवायला वेळ नसतो आणि त्यामुळे कागदावर ते कायम कमी दिसतात. हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळलं, आणि तेही ज्यांच्यावर मी संशय घेतला त्यांच्याकडून.

निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मी त्या केंद्रात जातो. अनुदानाचे अर्ज लिहून देणं हे माझं काम. लिहिलेलं ताईंना वाचून दाखवतो. एखाद्या मुलाबद्दल वाचताना मध्येच त्या मला थांबवतात.

"साहेब, तो अजून चालत नाही. चालेल, पण अजून नाही. तसंच लिहा."

मी ते वाक्य खोडतो आणि त्या सांगतात तसं लिहितो.