रांगेत कोण आहे?

परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंइतका शंकेखोर माणूस दुसरा सापडायचा नाही आणि त्यांच्याइतका निवांत झोपणाराही सापडायचा नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात असं कोणी विचारलं, तर मी सांगतो की शंका आपल्यालाही येतात, पण आपण त्या उशाशी घेऊन झोपतो. साडू त्या उभ्या उभ्या निकालात काढतात. छत्री घ्यायची तर दुकानातच उघडून वरून तांब्याभर पाणी ओतायला लावतात. एसटीत चढण्याआधी 'ही गाडी ताडकळसला जाती का?' हे ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि खिडकीतल्या एखाद्या म्हातारीला वेगवेगळं विचारतात आणि तिघांचं उत्तर जुळलं तरच पायरीवर पाय ठेवतात. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "बसा की हो, का लिहून देऊ?" साडू म्हणाले, "लिहून कशाला? आजी हो म्हणल्या की झालं." आजींना ऐकू येत नव्हतं. ती गाडी आम्ही सोडली.

माझ्या बायकोची धाकटी बहीण ही त्यांची बायको. तिला बघायला ते ताडकळसला आले तेव्हा जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. पोहे खाऊन त्यांनी मान डोलावली, शेतीपाण्याच्या गप्पा मारल्या आणि अर्ध्या तासानं आणखी एक बशी मागितली. आमच्या सासूबाई खूश झाल्या. पुढे साडूंनी मला त्यामागचं शास्त्र सांगितलं. "साडूभाऊ, एकदा चांगलं झालं ह्यात काय हाय? दुसऱ्यांदा तसंच झालं तर खरं." दोन्ही बश्यांची चव जुळली म्हणून त्यांनी लग्नाला होकार दिला. मेव्हणी आजही हसू आवरत सांगते, "दाजी, पहिले पोहे आईनं केले व्हते आन् दुसरे शेजारच्या काकूनं. मी दोन्ही टायमाला आत निवांत बसले व्हते." साडू यावर चष्मा पुसत बसतात.

पण ते सगळंच तपासत बसतात असं कोणी समजू नये. सगळं तपासणारा माणूस त्यांच्या मते आळशी असतो, कारण त्यानं विचार करायचं काम टाळलेलं असतं. काय बदललं ते बघायचं, त्याच्या आधारानं काय काय उभं आहे ते बघायचं आणि तेवढंच तपासायचं, असा त्यांचा धर्म. एका जयंतीला विहारात जेवण होतं आणि ऐन वेळी नेहमीचं मीठ संपून दुसरं आणावं लागलं. आचारी बिचारा भीतीनं प्रत्येक पातेल्यातलं चाखत सुटला. साडूंनी त्याला अडवलं. "मीठ बदललंय ना? मग वरण चाखा, भाजी चाखा. बुंदीला कामून हात लावायलाव?" आचारी म्हणाला, "साहेब, बुंदी माझ्या आवडीची हाय म्हणून." साडूंना हे कारण मात्र पटलं.

हा माणूस पोटासाठी करतो तेही हेच. पुण्याच्या एका कंपनीनं जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, वजनकाट्याचा प्रोग्राम बनवला आहे: गाडी आली की वजन घ्यायचं, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, वजाबाकी करायची आणि शेतकऱ्याच्या नावानं पावती काढायची. त्या प्रोग्रामची देखभाल साडूंकडे. प्रोग्रामच्या प्रत्येक बारक्या भागाला एकेक प्रश्न विचारून ठेवलेला असतो. उत्तर बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. या झाल्या चाचण्या. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एका ओळीत हुकूम लिहायचा, की त्या धडाधड चालू लागतात. सगळ्या चालवायच्या तर त्या जुन्या यंत्रावर पाऊण तास जातो. म्हणून हुकमाच्या शेवटी हव्या त्या चाचण्यांची नावं लिहायची सोय आहे. नाव लिहिलं की तेवढीच चालते, बाकीच्या गप्प बसतात; अनेक हव्या असतील तर नावांच्या मधे 'किंवा' घालायचं.

गंमत त्या नावांत आहे. पुण्यात चाचण्यांना भारदस्त इंग्रजी नावं देतात म्हणे. साडू देतात ती माणसांची. ज्याच्यामुळं चूक सापडली, त्याचं नाव त्या चाचणीला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून आला तो माणिक. ऊन लागतं म्हणून बैलांसकट गाडी काट्यावर सोडून चहाला गेला तो शेषराव. "गुणाकार-भागाकाराची नावं मी इसरतो," साडू म्हणतात, "पण काट्यावर भांडून गेलेला माणूस कोण इसरल?" त्या यंत्राची खोड अशी की नावाचा तुकडा दिला तरी ते जुळेल ते सगळं उचलतं. एकदा शेषराव लिहिताना घाईत नुसतं 'राव' लिहून त्यांनी बटण दाबलं आणि निम्मा तालुका पडद्यावर उठून उभा राहिला. आपल्याकडे रावांना काय तोटा!

यातली गयाबाई मला चांगली ठाऊक होती. एवढ्याशा कापसासाठी अख्खा टेम्पो कोण करणार? म्हणून आमच्याकडे दोघं मिळून एक गाडी करतात, मधे ताडपत्री लावतात आणि अलीकडे एकाचा, पलीकडे दुसऱ्याचा कापूस भरतात. काट्यावर मग तीनदा वजन होतं: भरल्या गाडीचं, एकाचा माल उतरल्यावर आणि सगळी गाडी रिकामी झाल्यावर. पुण्यात बसून ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांना एका गाडीत दोन मालक हे स्वप्नातही आलं नसणार. पहिल्या वर्षी सगळा कापूस शेजाऱ्याच्या पावतीवर चढला आणि गयाबाई काट्यासमोर ठाण मांडून बसली. "गाडीत घातला तवा तर व्हता! मग माझा कापूस कुटं गेला? तुमच्या डब्यानं खाल्ला का?" डबा म्हणजे कॉम्प्युटर. काटा बसवून द्यायला तेव्हा पुण्याहून आलेल्या साडूंनी तिची माफी मागितली, पावती हातानं लिहून दिली आणि पुण्याला परतल्यावर गयाबाई नावाची चाचणी लिहिली.

आता खरी गोष्ट. साडू लग्नानंतर कित्येक वर्षं पुण्यात आणि मेव्हणी मानवतच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. महिन्यातून एकदा भेटणारा संसार. शेवटी साडूंनी मिनतवाऱ्या करून मानवतच्याच जिनिंगवर बसून काम करायची परवानगी मिळवली, पण पुण्याच्या साहेबांनी अट घातली: हा हंगाम बघू, पहिल्या दिवशी काटा अडला तर सामान बांधून परत या. त्या दिवाळीत मेव्हणीनं घराला नवे पडदे लावले नाहीत. "आदी राहतेत का जातेत ते कळू दे," असं म्हणाली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मला शाळेची सुट्टी होती म्हणून मीही जिनिंगच्या माडीवर, साडूंच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीतून फाटक दिसतं आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, माल उतरवला, पावती निघाली आणि खाली एकच हशा पिकला. पुण्याहून ताज्या आलेल्या बदलात काहीतरी बिघडलं होतं. रिकाम्या गाडीचं वजन वजाच झालं नव्हतं. शेतकऱ्यानं कापूस विकला होता, पावती म्हणत होती की ट्रॅक्टरही विकला.

साडूंनी चूक शोधली आणि पहिल्या वजनातून शेवटचं वजा करून टाकलं. काम सोपं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं ना दुरुस्त? मग चाचण्या-बिचाण्या राहू द्या, काटा सुरू करा." खाली मालक शेठ हातवारे करत होते, हॉर्न वाजत होते. पाऊण तास कोण थांबणार? न तपासता सुरू करणं साडूंच्या रक्तात नाही. ते म्हणाले, "साडूभाऊ, खिडकीत उभं ऱ्हावा. रांगेत कोण कोण हाय ते सांगा."

"म्हंजी?"

"नावं सांगा हो. जे आलेत त्यांच्यापुरतं तरी बघू."

माझ्या वर्गात निम्म्या मानवतची पोरं शिकून गेलेली, रांगेत चेहरे ओळखीचेच होते. मी खिडकीतून हजेरी घेतल्यासारखी नावं सांगत गेलो आणि साडू त्या काळ्या ओळीत एकामागून एक लिहीत गेले. माणिक. किंवा शेषराव. किंवा दत्ता. अगदी मागे एका टेम्पोत ताडपत्रीशेजारी पदर खोचून बसलेली गयाबाई दिसली. तिचंही नाव सांगितलं. साडूंनी बटण दाबलं. माणिक हिरवा, शेषराव हिरवा, दत्ता हिरवा. गयाबाई लाल.

साडूंनी कपाळावर हात मारला. पहिल्यातून शेवटचं वजा केलं, मधलं वजन गेलं कुठं? गयाबाईचा कापूस पुन्हा शेजाऱ्याच्या पावतीवर चढला असता आणि मग काटा अडणं काय असतं ते मालकांनी, साहेबांनी आणि अख्ख्या मानवतनं बघितलं असतं. फोन चालूच होता, मी सांगितलेली नावं तिकडंही ऐकू गेली होती. साहेब विचारत होते, "अजून कशासाठी थांबलात? आणि हे गयाबाई म्हणजे कशाचं संक्षिप्त रूप आहे?"

"संक्षिप्त न्हाई साहेब," साडू टाइप करता करता म्हणाले, "पूर्ण बाई हाय. खाली टेम्पोत बसलीय."

पाच-दहा मिनिटांत गयाबाई हिरवी झाली आणि काटा सुरू झाला. संध्याकाळी तिची पावती निघाली तेव्हा तिनं ती उजेडात धरून बघितली, माझ्याकडून वाचून घेतली आणि साडूंना म्हणाली, "औंदा तुमचा डबा शाना झाला की वो." साडूंना एवढा आनंद कुठल्या पगारवाढीनं झालेला मी पाहिला नाही. रात्री साहेबांचा निरोप आला: तुम्ही तिथंच राहा, आम्हाला पुण्यातून खिडकी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मेव्हणीनं पडदे शिवायला टाकले.

या वर्षी पुन्हा पहिला दिवस आला. पुण्याहून बदल आला होता, साडूंनी तो उलटापालटा करून बघितला आणि मला खिडकीत उभं केलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ही आता माझी नेमणूकच आहे. माझी नावं सांगून संपली तरी साडूंची बोटं थांबली नाहीत. मी वळून पाहिलं तर त्यांनी शेवटी गयाबाई लिहिलं होतं.

गयाबाईनं उन्हाळ्यात शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं आणि ती राणीसावरगावला लेकीकडे राहायला गेली. गुडघ्यांनी दगा दिला. जाण्याआधी दवाखान्यात येऊन मेव्हणीचा निरोप घेऊन गेली होती.

"साडू, ती न्हाई रांगेत," मी म्हणालो.

"माहीत हाय."

"मग कामून लिहायलाव?"

"तिच्यामुळंच तर मी हितं बसलोय," साडू पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आन् अर्धी गाडी घिऊन येणारं दुसरं कुणीतरी असंलच की."

त्यांनी बटण दाबलं. सगळी नावं हिरवी झाली, तिचंही. खाली फाटक उघडलं, साडू चहा सांगायला गेले. ती येणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही मी खिडकीतून रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत तिला शोधत राहिलो.