कोळसा घेऊन येणारा पाहुणा

स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात नवं वर्ष लागलं की घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, याला फार महत्त्व देत असत. तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असला तर वर्ष चांगलं जातं, अशी समजूत. त्यानं रिकाम्या हातानं यायचं नाही. घरात ऊब राहावी म्हणून कोळशाचा तुकडा आणायचा, अन्न कमी पडू नये म्हणून पाव आणायचा, सोबत मीठ आणि दारूची बाटली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ही रीत आवडली होती. कडाक्याच्या थंडीत शेजाऱ्यानं कोळसा घेऊन दारात उभं राहावं, यात मला माणुसकी दिसली. माझा राग त्या रीतीवर नाही. लातूरच्या आमच्या शाळेनं तिचं जे करून ठेवलं, त्याच्यावर आहे.

मी नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नांदेडला राहून इंग्रजी घेऊन बीए केलं, बीएड केलं आणि नोकरीसाठी लातूरला आले. माझं इंग्रजी गावाकडच्या वळणाचं आहे हे कळूनही या शाळेनं मला घेतलं. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिणार आहे.

आमच्या अध्यक्षसाहेबांचा मुलगा एडिंबरात नोकरीला असतो. गेल्या हिवाळ्यात साहेब त्याच्याकडे राहून आले. या डिसेंबरात त्यांनी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली आणि सांगितलं, "यंदा एक जानेवारी ब्रिटिश पद्धतीनं साजरी करायची. पालकांना दिसलं पाहिजे, आपली शाळा कुठं पोचली ते."

मग त्यांनी ती उंबऱ्याची रीत समजावली. शाळेच्या गेटलाच उंबरा समजायचं ठरलं.

"साहेब, कोळसा कुठून आणायचा?" खेळाच्या सरांनी विचारलं. "आपल्या गल्लीतला इस्त्रीवाला बी आता गॅसवर गेलाय."

"बघा कुठंतरी. ढाब्यावर मिळंल."

"आणि काळ्या केसांचा माणूस म्हणाल तर मी आहेच," मराठीचे सर म्हणाले.

"तुमचे केस दर रविवारी काळे होतात सर," खेळाचे सर म्हणाले. "एक तारखेला रविवार न्हाई."

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी नांदेडच्या आपल्या पुतण्याचं नाव जाहीर केलं. तो उंच आहे आणि त्याचे केस खरंच काळे आहेत. तिथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

"आणखी एक," साहेब म्हणाले. "पहिलं पाऊल बाईचं पडता कामा नये. तिकडं ते अशुभ मानतात. मावशीकडची चावी काढून घ्या. त्या दिवशी तिला उशिरा यायला सांगा."

मावशी म्हणजे आमच्या शाळेची सेविका. नवरा गेल्यापासून ती इथे आहे. रोज सकाळी गेट तीच उघडते, वर्ग झाडते, घंटा देते. पहिलीतली पोरं डबा सांडला तरी तिच्याकडे जातात आणि दात पडला तरी तिच्याकडेच.

मी म्हणाले, "साहेब, मावशी तर रोजच पहिल्या येतात. आजवर शाळेचं काय वाईट झालं?"

"मॅडम, रोजचं वेगळं असतं. वर्षाचा पहिला दिवस आहे. आणि त्यातून ती..."

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. बैठकीतल्या प्रत्येकानं ते मनात पूर्ण केलं आणि एकानंही मान वर केली नाही. माझ्या अंगाची आग झाली. इंग्रजांच्या रीतीत विधवेबद्दल कुठं काही मी ऐकलं नव्हतं. ही भर साहेबांची, आपल्या घरची. माझी आईही विधवा आहे. मी परीक्षेला निघाले की ती न्हाणीघरात जाऊन उभी राहायची, जाताना मला तिचं तोंड दिसू नये म्हणून. माझ्या शिक्षणासाठी जी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली, तिनं मला कॉलेजला जाताना कधी डोळे भरून पाहिलं नाही. हे आमच्याकडे आधीच भरपूर आहे. त्यासाठी विमानानं एडिंबराला कशाला जायचं?

मावशीला निरोप मीच दिला, दुसऱ्या कुणी कसा दिला असता या भीतीनं. ती आधी हसली.

"माझा बाप सांगायचा, आपल्याकडं निजाम होता म्हणून. इंग्रज इकडं आलाच न्हाई. आन् आता आला व्हय गेटवर? त्याला माझी काय अडचण हाय ओ मॅडम?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला समजलं, आणि ती झाडू घेऊन व्हरांड्यात गेली.

एक जानेवारीला थंडी चांगलीच होती. गेटला फुगे आणि कुलूप. चावी खेळाच्या सरांकडे. मुलं नवे स्वेटर घालून रस्त्यावर उभी, शेजारून ट्रक जाताहेत आणि साहेबांच्या पुतण्याचा पत्ता नाही. फोन केला की तो सांगायचा, चाकूरच्या पुढं आलो. त्याला आणायला नांदेडला गेलेले साहेबही त्याच्याच गाडीत होते.

सवयीनं मावशी वेळेवरच आली होती. ती रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीला टेकून उभी होती. पहिलीतली एक चिमुरडी तिला बघून रस्ता ओलांडायला निघाली, तशी मावशीच धावत अलीकडे आली. पोरगी तिच्या कमरेला बिलगून रडायला लागली. तिला लघवीला जायचं होतं.

"मॅडम, लेकरू भिजंल आता," मावशी म्हणाली.

मी सरांपुढे हात केला. "चावी द्या."

"मॅडम, साहेबाला काय सांगू?"

"सांगा, मी हिसकावली."

चावी मी मावशीच्या हातात दिली. तिनं ती लगेच मला परत केली. "तुम्हीच उघडा. लेकरांचं वरीस हाय. म्या कशाला अपशकुनी होऊ?"

साहेबांच्या बोलण्यानं मला राग आला होता, पण हे वाक्य त्याहून वाईट होतं. इतकी वर्षं जिनं या पोरांची नाकं पुसली, तिला थोड्याच दिवसांत स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

मी चावी पुन्हा तिच्या हातात कोंबली. "रोज कोण उघडतं?" पोरगी आता हात ओढत होती. मावशीनं कुलूप काढलं आणि ती पोरीला उचलून आत पळाली. मागून सगळी शाळा आत शिरली.

थोड्याच वेळात गाडी आली. पुतण्याच्या हातात स्टीलचं ताट होतं, त्यात पाव, मीठ आणि कोळशाचा खडा. कोळशाला हळदीकुंकू लावलेलं. बाटलीऐवजी उसाचा रस. साहेबांनी गेट उघडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सगळ्यांना बाहेर काढा. पहिल्यापासून करू."

मुलांना खरोखरच बाहेर काढलं. थंडीत कुडकुडणारी ती पोरं पुन्हा रस्त्यावर. मावशी त्या मुलीचे हात धूत होती.

"तिलाही बाहेर घ्या."

"नाही साहेब," मी म्हणाले. "पाऊल पडून गेलंय. आम्ही दोघी इथंच थांबतो."

ते काही बोलणार इतक्यात कुणीतरी त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला. तिकडे अजून रात्रच होती, नवं वर्ष लागून दोनेक तास झालेले. मुलगा खुशीत होता.

"पप्पा, हॅपी न्यू इयर! आमच्याकडं बारा वाजताच शेजारच्या आजी येऊन गेल्या. केक घेऊन."

मी मोठ्यानं विचारलं, "पहिल्या त्याच आल्या का?"

"हो, पहिल्या त्याच. इथं आता कोण बघतंय तसलं? जो येईल त्याला बसवतात."

साहेबांनी फोन घेतला आणि बंद केला. "त्यांचं वेगळं आहे," ते म्हणाले. "आपल्याला आपली संस्कृती सांभाळायची आहे."

क्षणापूर्वी जे ब्रिटिश होतं ते आता आपली संस्कृती झालं. वरून पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. पुतण्या ताट घेऊन आत आला, फोटो निघाले, पालकांच्या ग्रुपवर गेले. फोटोत आम्ही दोघी नाही.

मला वाटलं, झालं ते एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. चावी मावशीकडे परत आली होती, पण ती गेटबाहेर उभी होती.

"उघडा ना मावशी."

"खेळाचे सर येऊ द्या आधी. त्यांनी पाय टाकला की म्या येते."

मी कितीतरी समजावलं. ती ऐकून घेते, हसते आणि थांबते. शेवटी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः तिला सांगा. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही."

साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मॅडम, मी कुठं अडवलंय तिला? तीच थांबते."

मी चहा न घेता उठले. आता रोज शाळा भरण्याआधी मी गेटवर जाते आणि मावशीच्या शेजारी उभी राहते. खेळाचे सर येतात, आमच्याकडे न बघता आत जातात. मग मावशी झाडू उचलून आत जाते. साहेबांची गाडी आली की मी जागची हलत नाही. त्यांना रोज मला बाहेर उभं बघूनच आत जावं लागतं, आणि ते स्वतः तिला सांगत नाहीत तोवर मी तिथंच उभी राहणार आहे.