राज्यपक्ष्याची मान

पक्षीणबाईने मेलेल्या नवऱ्याची राख राज्यपक्ष्याच्या पोटात भरली, ही कुजबुज सुरू केली तिच्या सख्ख्या नणंदेनेच. नणंद संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत बसायची. तिकीट एकाला, बातमी अख्ख्या रांगेला.

बाईकडे होतं ‘आपलं राज्य : एक परिचय’ हे दालन. जुन्या राजांच्या तलवारी, राज्यवृक्षाची फांदी, मेणाचं राज्यफूल आणि मधोमध काचेत पेंढा भरलेला राज्यपक्षी. राज्यचिन्हात त्याची मान ताठ, म्हणून इथेही ताठच हवी. दमट हवेने पेंढा बसला की बाई शिवण उसवायची, नवा पेंढा ठासायची, पुन्हा शिवायची; म्हणूनच नाव पडलं पक्षीणबाई. नवरा गेल्यावर कामावर आली तीही थेट हेच करायला. रडली नाही. मात्र त्या खेपेनंतर पक्ष्याने मान टाकली. झालं! लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं?

“वहिनी, दादाला तिथं कोंडलंस होय गं?”

“मावले असते का? पोट आठव त्यांचं.”

नणंद फिसकन हसली आणि मध्येच थांबली. बाई काच पुसत राहिली.

मग नवे साहेब आले. राज्याचा वर्धापनदिन तोंडावर. “पाहुण्यांना असला तोंड पाडलेला पक्षी दाखवायचा? उद्या मान ताठ झाली नाही, तर हा जाईल भट्टीत. मी प्लास्टिकचा मागवतो.”

म्हणजे पोटातलंही भट्टीत. बाई “बरं” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शिवण उसवायला बसली, तर सगळे कर्मचारी भोवती गोळा. शिपायाने टोपी काढून हातात धरली. नणंद खिडकी बंद करून आली होती. बाईने आत बोटं घालून जे होतं ते ओढून काढलं, पिशवीत भरलं. पेंढा ठासला, टाके घातले. मान ताठ झाली. साहेब “शाब्बास” म्हणाले. बाईला चांगलंही वाटलं नाही, वाईटही नाही.

जिन्यात नणंदेने न विचारता पिशवीत हात घातला. मूठभर बाहेर काढून उजेडात धरलं.

राख नव्हतीच. तेव्हा भांडारातला पेंढा संपला होता आणि घरात नवऱ्याची उशी नुसतीच पडून होती. तिच्यातला कापूस होता तो. कापसाने मान ताठ राहत नाही.