कुलूपआत्याचा खडक

माझ्या आत्याला गावभर कुलूपआत्या म्हणत. किनाऱ्यासमोरचा प्रवाळाचा खडक कधी बंद ठेवायचा आणि कधी उघडायचा, हे तिच्या शब्दावर चाले. तिने खडकावर काठी रोवून फडकं बांधलं, की तिथे जाळं टाकायचं नाही. मासे वाढले की ती स्वतः जाऊन काठी काढायची. आता किनाऱ्यावर नियमांची झकास पाटी आहे आणि लोक तिच्याच सावलीत बसून गळ टाकतात.

आत्याशी सगळ्यांत जास्त भांडत ते माझे बाबा, तिचे धाकटे भाऊ. "खडक काय तुझ्या बापाचा आहे?" असं एकदा ते तावातावाने म्हणाले. "बाप तुझाही तोच," असं म्हणून आत्या भांडी घासत राहिली.

म्हातारपणी तिने खडक बंद केला, तो काही केल्या उघडेना. दर खेपेला ती होडीतून वाकून बघायची नि म्हणायची, "पाणी गढूळ आहे. मासा दिसत नाही. थांबा." पाणी तर तळ दिसेल इतकं नितळ असायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, हे एक ती सोडून सगळ्यांना कळलं होतं. लांबच्या पाण्यात जाऊन जाऊन माणसं मेटाकुटीला आली, पण तिच्या शब्दाआधी जाळं टाकायला कुणी धजेना. एकदा कुणी नियम मोडला, की पुढे कुणीच कुणाचं ऐकणार नाही, ही धास्ती होती. त्या माणसांची मला फार आठवण येते.

शेवटी एका सकाळी बाबा तिला होडीतून खडकावर घेऊन गेले. मीही बरोबर होते. ती वाकली आणि म्हणाली, "गढूळच आहे." आता बाबा भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तिच्या मुठीत थोडा शिळा भात दिला.

"ताई, हात घाल पाण्यात."

मासे तुटून पडले. आत्याने दचकून हात काढला, मग पुन्हा घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"कधीपासून आहेत रे एवढे?"

"झाली असतील दोन वर्षं."

"मग टाकायचं ना जाळं!"

"तू खडक कुठे उघडलास?"

आत्या रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "उघडा. आणि यापुढे मला विचारू नका. मला दिसत नाही."

"मग विचारायचं कुणाला?" बाबा म्हणाले.

जन्मभर तिच्याशी भांडलेल्या माणसाने हे विचारलं.