घारेकाकांचा त्रिकोण

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावून मापं घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जेवणाची सुट्टी संपवून खोलीत आले, तर घारेकाका चपला दाराबाहेर काढून, लाल ऑइलपेंटने माखलेल्या बोटांत पट्टी धरून काचेशी वाकले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "काच पुसली हाय गं मी आदी." जणू माझी हरकत तेवढीच असणार होती.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता तो. मी कर्जतहून रोज रसायनीला, एका केमिकल कारखान्यात जायचे. डीबेस नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा सहा महिन्यांचा कोर्स गाठीला होता आणि त्याच्या दुप्पट हवा डोक्यात. गोदामातून माल मागवायची चिठ्ठी तोवर हाताने लिहीत. ती आता कॉम्प्युटरवर फॉर्म भरून छापायची, हे माझं पहिलं काम.

घारेकाका ड्रमवर नावं रंगवत. गाव भिवपुरीजवळ, घरची भातशेती. इंग्रजी नावाखाली ते प्रत्येक ड्रमवर एक आकृती काढत. अ‍ॅसिडला त्रिकोण, तेलाला गोल, कॉस्टिक सोड्याला चौकोन. जुन्या चिठ्ठीवरही तीच आकृती हाताने काढलेली असे. ड्रम आणायला जाणारी बहुतेक माणसं डोंगरातल्या वाड्यांवरून रोजंदारीवर येणारी. वाचता कोणालाच येत नव्हतं. चिठ्ठीवरची आकृती आणि ड्रमवरची आकृती जुळली की ड्रम हलवायचा, एवढाच नियम होता.

माझ्या फॉर्मवर आकृतीच नव्हती. "नाव ठळक छाप, बाकी फापटपसारा नको," असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि मला ते फार आधुनिक वाटलं होतं.

काकांनी माझी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "ह्यो कागद कोनाच्या हातात जानार, बाय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. साधी पाटी रंगवायची असली तरी आधी हेच विचारत.

"स्टोअरकीपरच्या," मी म्हणाले.

"आन त्याच्या हातातून?"

काकांनी उजवी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी चुरगळून गोळा झालेली होती. "तरनाताठा व्हतो. तेल आन म्हनले. ड्रमवर नाव व्हतं गं, झ्याक इंग्रजीत व्हतं. मला वाचाया येत नव्हतं. मी अ‍ॅसिड आनलं आन मीच झाकन उघडलं." त्यांनी बाही खाली केली. हात बरा झाल्यापासून ते ब्रश धरून होते.

ते साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. म्हणाले, "सोमवारी नव्या चिठ्ठ्या सुरू होणार. शनिवारपर्यंत मशीनमधून आकृती काढून दाखवा, ठेवू. नाहीतर विषय बंद." विषय बंदच झाला, असं मलाही वाटलं. कारण डीबेसमध्ये चौकटीची तयार आज्ञा होती, पण ती पडद्यापुरती. कागदावर उतरत नसे. त्रिकोणाची, गोलाची आज्ञाच नव्हती. कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात कोणतं अक्षर उमटायचं, एवढंच सांगता येई. म्हणजे कीबोर्डवरच्या चांदणीच्या खुणा एकेक पेरून आकृती उभी करायची.

"मंग पेरू की," काका म्हणाले.

त्यांनी आलेखाच्या वहीत सुरेख गोल काढला. मी चांदण्या टाकल्या, तर पडद्यावर उभं अंडं आलं. "ह्यो कोंबडीनं घातलाय," काका म्हणाले. पडद्यावरचं एका अक्षराचं घर रुंदीपेक्षा उंचीला जवळजवळ दुप्पट असतं, हे मला शिकवलेलं होतं आणि मी विसरले होते. फूटपट्टी निघाली ती त्यासाठी. मग मोठ्या कागदावर त्यांनी पंचवीस ओळी आणि ऐंशी रकाने स्वतः आखले, दोन हजार उभट घरं. दोन दिवस त्यांचा डबा तसाच घरी परत गेला.

शुक्रवारी पडद्यावर त्रिकोण बिनचूक आला. आम्ही प्रिंटर सुरू केला. टोक उमटलं, डावी बाजू खाली आली, पाया आला आणि कागद भसकन बाहेर! नवा कागद, त्यावर एकच चांदणी. लगेच तोही बाहेर. कारण कळायला मला तास लागला. काकांनी रंगाऱ्याच्या सवयीने सांगितलं होतं: टोकापासून डावीकडून खाली, पाया, मग उजवीकडून वर. पडद्याला ते चालतं. प्रिंटरला वरची ओळ पुन्हा सांगितली, की तो नवा कागदच घेतो.

मी थकले होते. म्हणाले, "काका, राहू द्या. त्यापेक्षा आपण त्यांना नावं वाचायला शिकवू."

"शिकव की. चांगलंच हाय. पन शिकंपत्तुर हात कोनाचा जळंल, त्ये पन ठरव."

मला फार लाज वाटली. काका मात्र त्या कागदांच्या ढिगाकडे बघत होते. "बाय, भाताची आवनी कशी करत्यात? एक वळ पुरी लावायची, मंग मागं सरायचं. लावलेल्यात पुन्ना पाय घालायचा नाय." आम्ही सगळ्या आज्ञा नव्याने लावल्या: एका ओळीतली डावी चांदणी, लगेच उजवी, मग खालची ओळ. सातच्या सुमारास त्रिकोण एका कागदावर सबंध उतरला. काकांनी तो शाई तपासायला बोटाने हलकेच पुसून पाहिला.

शनिवारी साहेबांनी गोदामात बुधीला बोलावलं. ती कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीवरची, ड्रम लोटण्यात पुरुषांना मागे टाकणारी. आधी त्यांनी तिला नुसत्या नावाची चिठ्ठी दिली. ती जागची हलली नाही.

"यावर काय नाय," ती म्हणाली.

"नाव लिहिलंय की."

"त्ये तुमच्यासाटी लिवलंय."

मग त्रिकोण छापलेली दिली. बुधी वळली, तेलाच्या रांगा ओलांडून सरळ गेली आणि लाल त्रिकोणावर तळवा टेकून उभी राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. काका तोवर माझ्या खोलीकडे वळले होते. गोलाचं काम बाकी होतं.

पुढे मी मुंबईला दुसरी नोकरी धरली. दोन पावसाळ्यांनंतर काका गेल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी बाराव्याला गेले, तर अंगणाच्या कडेला बुधी बसलेली, कारखान्यातली पाळी संपवून तशीच आलेली. मला ओळखून तिने कनवटीतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. "मशीनवर दुसरी बाय आलीय. पन तिरकोन हाय."

तिने चिठ्ठी पुढे केली. मी आधी चिठ्ठी पाहिली नाही. तिचे हात पाहिले. रापलेले, घट्टे पडलेले, आणि दोन्ही धड होते.