तांब्याची ढाल

"काका ऐन लढाईत आम्हाला सोडून पळाले. नाग फणा काढून उभा, आणि काका गायब! त्यांची ढाल तिथंच पडली होती. ती मी उचलली आणि तिच्याच जोरावर आम्ही दोघांनी नागाला लोळवलं."

हे कथन मी गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत, माझ्या जावयांच्या शेजारी बसून ऐकले. सांगणारा आज सिन्नरला स्वतःचा कारखाना चालवतो. जावई हसले. "मामा, तुम्ही आणि पळालात?" हातातली बासुंदीची वाटी मला शिसारी आणू लागली.

ती लढाई वीस वर्षांपूर्वीच्या एका खेळातली. तो खेळ इंटरनेटवरचा, पण त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. पडद्यावर नुसता इंग्रजी मजकूर येई: तू ओल्या गुहेत उभा आहेस, उत्तरेला वाट आहे. उत्तरेला जायचे तर तसे टाइप करायचे. देशोदेशींची माणसे एकाच वेळी त्या गुहांतून हिंडत. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागाचा प्रमुख. सिन्नरचा हा आणि त्याचा घोटीचा मित्र, दोघे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मला कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत भेटले.

त्या जागेची आठवण आजही किळसवाणी आहे. बोटांना चिकटणाऱ्या कीबोर्डच्या कळा, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, घामाने आंबलेल्या खुर्च्या. त्याहून घाण या दोघांची भाषा. परक्या खेळाडूंना अर्वाच्य शिव्या टाइप करायच्या आणि पुढच्याच ओळीत त्यांच्याकडे सोन्याची नाणी मागायची. मी पूर्ण वाक्ये लिही. "काका, तुमचा पूर्णविराम येईपर्यंत राक्षस म्हातारा होतो," असे घोटीचा म्हणे. अखेर मी सिडकोतल्या घरी संगणक घेतला, पण खेळात सोबत या दोघांचीच राहिली.

त्या साऱ्या खेळात तांब्याची ढाल एकच होती आणि ती माझ्याकडे होती. सहा महिने मी गुहांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर, मापात, काढत होतो, तेव्हा ती सापडली. ढाल ज्याची, तो पुढे उभा राहणार. म्हणून नागासमोर मी पुढे होतो. कारखान्याला सुट्टी होती, दुपारची वेळ. मी घरी, ते दोघे कॅफेत. लढाई रंगात आली आणि आमच्या भागातली वीज गेली. ते दिवस भारनियमनाचे. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

वीज गेली किंवा फोन तुटला तरी त्या खेळातला माणूस नाहीसा होत नसे. तो होता तिथेच उभा राही, मुका, वार झेलत. दोन तासांनी मी परत आत शिरलो तेव्हा माझा माणूस गावच्या देवळाच्या पायरीवर, मेलेला खेळाडू पुन्हा जन्म घेतो तिथे, उभा होता. अंगावर चिंधी नव्हती. ढाल नव्हती.

मी स्कूटर काढून तडक कॅफेत गेलो.

"काय काका, सटकलात ना?" सिन्नरचा म्हणाला.

"लाइट गेली होती."

"आमची नव्हती गेली!" दोघेही खिदळले.

"माझी ढाल?"

"ज्याला सापडली त्याची."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर कधीही खेळलो नाही. खेळ कल्पनेतला असेल. पण आपल्यापुढे उभे राहून वार झेलत मेलेल्या सोबत्याची ढाल उचलून घेणारे हात कल्पनेतले नव्हते. आणि त्यावर वीस वर्षे हा गृहस्थ नाशिकभर मलाच पळपुटा ठरवत हिंडतो. दर खेपेला नाग हातभर लांबतो.

पंगतीत घोटीचाही होता. तो पानातून मान वर करीत नव्हता. मी वाटी खाली ठेवली आणि सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "ढाल कुठे होती म्हणालास?"

"जमिनीवर, काका. माझ्या पायाशीच. खोटं कशाला सांगू?"

मी जावयांकडे वळलो आणि त्यांना एवढेच सांगितले: त्या खेळातून जो स्वतःहून बाहेर पडतो, त्याचे सारे सामान त्याच्याबरोबरच जाते, जमिनीवर पडते ते फक्त मेलेल्याचे.